परसातल्या भिंतीवरची अक्षरं

मी ठाण्याला नांदायला आले तेव्हा मला चौदावं लागलं होतं आणि माझ्या नणंदेला सातवं. माझं माहेर कल्याणचं. तिथे मुलींच्या शाळेत मी तिसरीपर्यंत शिकले. पुढे कोणी शिकवलं नाही आणि मीही त्यासाठी रडले नाही. पण त्या तीन इयत्तांचा बोभाटा माझ्याआधी सासरी पोचला होता. भाजीत मीठ कमी पडलं की सासूबाई म्हणायच्या, "पुस्तकात लिहिलं नव्हतं वाटतं."

नणंद सात वर्षांची असली तरी नणंद ती नणंद. तिला वन्सं म्हणायचं, अहोजाहो करायचं. नाक पुसायला सांगायचं तरी, "वन्सं, नाक पुसा."

मामंजी कचेरीत कारकून होते. बरोबरीच्या कारकुनांच्या मुली शाळेत जात, म्हणून त्यांनीही मुलीला घातलं होतं, एवढंच. दिवाळीनंतर भिवंडीहून तिला एक स्थळ सांगून आलं. मामंजी जेवताना म्हणाले, "फाल्गुनात शाळा तपासणारा डिपोटी परीक्षा घ्यायला येतोय. पास झाली तर शिकू दे आणखी. नापास झाली तर शाळा बंद, वैशाखात उजवून टाकू."

घरात कोणाला काळजी वाटली नाही. पोरगी रोज ओटीवर बसून पाटीवरची मुळाक्षरं क पासून ज्ञ पर्यंत घडाघडा म्हणायची. मी एकदा सहज मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोणतं?"

"थांब वहिनी, क पासून म्हणू दे."

ती क पासून निघाली. तोंड ज्ञ ला पोचलं तेव्हा बोट अजून प वर होतं. तिला एकही अक्षर येत नव्हतं. येत होती ती आरती. शाळेत सगळ्या मुली एकसुरात म्हणायच्या, पंतोजी डोळे मिटून ऐकायचे.

बसवून शिकवायला गेले तर ती तिसऱ्या मिनिटाला उठायची. ठिकरी मात्र दिवसभर खेळायची. म्हणून मी परसात राखेने ठिकरीचं घर आखलं आणि एकेका खणात एकेक अक्षर काढलं. मी आवाज सांगायचा, तिने लंगडी घालत त्या खणात जायचं. तीन दिवसांत पाच अक्षरं पक्की झाली. चौथ्या दिवशी सासूबाई मागच्या दारात आल्या.

"अक्षरावर पाय?" त्या हळूच म्हणाल्या. त्या हळू बोलल्या की जास्त भीती वाटायची.

"वहिनीनं सांगितलं," पोरीने लगेच सांगून टाकलं.

चूक माझीच होती. कागदाला पाय लागला तर तो कपाळाला लावायचा, दसऱ्याला पाटी पुजायची, हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. राखेत काढलेलं अक्षरही अक्षरच, हे डोक्यात आलं नाही. मी अंगण सारवलं. सासूबाईंनी आम्हा दोघींना जमिनीला डोकं टेकायला लावलं.

दोन दिवस जाऊ दिले. मग सासूबाईंना विचारलं, "हातानं शिवलं तर चालेल का?"

"हाताला कोण नको म्हणतंय?"

मी परसातल्या भिंतीवर गेरूने अक्षरं काढली, पोरीचा हात पोचेल अशी, आणि मुद्दाम इकडची तिकडे. तुळशीपाशी उभं राहायचं, आवाज ऐकला की धावत जाऊन त्या अक्षरावर थाप मारायची. पण सकाळी मला चूल सोडता येत नव्हती. सासूबाई परसात तांदूळ निवडत बसत. त्या म्हणाल्या, "नुसतं ओरडायचंच ना? मी ओरडते. तू तुझी आमटी बघ."

चार-पाच दिवस मी आतून ऐकत होते. सासूबाईंचा आवाज पार कोपरी गावापर्यंत जात असेल. "म." धावण्याचा आवाज, थाप. "बरोबर." मला बरं वाटत होतं. मग एकदा पाण्याला बाहेर गेले. सासूबाई म्हणाल्या, "भ." पोरीने तुळशीला सर्वांत जवळच्या त वर थाप मारली आणि वळून बघितलं. "बरोबर," सासूबाई म्हणाल्या. मग "ज." पुन्हा त वरच थाप.

सांगायचं म्हणजे सासूला तोंडावर निरक्षर म्हणायचं. न सांगावं तर पोरगी वैशाखात भिवंडीला. मी सांगितलं.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "पाची दिवस हेच?"

पोरगी तुळशीमागे सरकली.

"आईला वेड्यात काढतेस होय गं, कार्टे?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यातला भ कोणता?"

रोज दुपारी मामंजी कचेरीत असताना त्या माझ्याकडून पाच अक्षरं घ्यायच्या. पोरीपेक्षा लवकर शिकल्या, कारण त्या चिडल्या होत्या. मग पोरीला सुटका उरली नाही. तीही उलट परीक्षा घ्यायला लागली, "आई, आता तू शीव." सासूबाई पदर खोचून भिंतीकडे चालत जायच्या. धावल्या नाहीत कधी. पुढे मी दोन अक्षरं लागोपाठ शिवायला लावली आणि न थांबता म्हणायला सांगितलं. घ, र. घर. म, ऊ. मऊ. तिथून ती वाचायला लागली. काना-मात्रेला आणखी महिना गेला.

फाल्गुनात डिपोटीने पुस्तक मधूनच उघडलं. ती एका जोडाक्षराला अडली, बाकी सावकाश वाचलं. पास झाली.

मामंजींनी ऐकून घेतलं. सासूबाईच म्हणाल्या, "मग भिवंडीला कळवा. मुलगी लहान आहे म्हणावं."

मामंजींनी पोस्टाचं कार्ड काढलं. पुरुषांची पत्रं तेव्हा मोडीत असत. ते वळण आम्हा बायकांना लागत नसे; भिंतीवरची आमची अक्षरं बाळबोध.

"मोडीत नको," सासूबाई म्हणाल्या. "बाळबोध लिहा."

"का?"

"मला बघायचंय काय लिहिता ते."

मामंजींनी वर बघितलं. बाळबोध लिहिण्याचा सराव मोडला होता, त्यांना वेळ लागला. सासूबाईंनी कार्ड हातात घेतलं, ओळीखालून बोट फिरवलं. नमस्कार वगैरे जोडाक्षरांचे शब्द त्यांना लागले नाहीत. मधे थांबल्या.

"मुलगी. लहान. आहे." कार्ड परत दिलं. "हं. टाका पेटीत."