गोलपुढची कोनशिला

आमच्या नगरच्या फुटबॉल स्टेडियमचा इतिहास सांगायला मला फार आवडतं, कारण त्यात फुटबॉल फारसा आड येत नाही.

आधी ते नुसतं मैदान होतं. तिथे आम्ही कॅम्पातल्या जवानांकडून मनसोक्त हरायचो. मग कुणाला तरी वाटलं, एवढ्या हरण्याला शोभेल अशी वास्तू हवी. भूमिपूजन ठरलं. संध्याकाळचं ऊन पाहुण्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मांडव पडला पश्चिमेच्या गोलपोस्टसमोर, आणि कोनशिलाही तिथेच बसली: गुडघाभर चौथरा, त्यावर उभा संगमरवर. मांडव निघाला, कोनशिला राहिली. बरोब्बर पेनल्टीच्या चौकटीच्या तोंडावर. पुढे गॅलरी झाली, फाटक झालं, शौचालयाला कुलूपसुद्धा झालं. शिला मात्र कुणी हलवेना. तिच्यावर साहेबांचं नाव होतं. शहराचं नाव बदलता येतं हो, साहेबांचं कसं बदलणार?

जीव जळायचा तो एकट्या सरांचा. सर म्हणजे मिशनच्या शाळेतले आमचे निवृत्त पीटी शिक्षक. त्या चौथऱ्यावर त्यांच्या संघातल्या दोन पोरांचे गुडघे फुटले होते. ती शिला निघालेली बघायची, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. विनंत्या करून थकले, तेव्हा त्यांनी नगरसेवकांनाच संगमनेरच्या संघाशी असलेल्या सामन्याला आणून खुर्चीत बसवलं. शेजारी मी, भेळेचा पुडा घेऊन. असला तमाशा मी सोडतो होय?

सामना बरोबरीत रेंगाळला. आमचा एक गडी चेंडूमागे धावता धावता शिला चुकवायला असा वळला की थेट पंचांच्या मिठीत गेला. नगरसेवक हळहळले, "लई धोक्याचं हाय हो सर. सोमवारी मानसं पाठवतो."

सरांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या सेंटर फॉरवर्डनं एक आंधळी लाथ हाणली. चेंडू निघाला होता पार बाहेर, पण वाटेत संगमरवरावर आदळला, काटकोनात वळला आणि गोलीच्या काखेखालून जाळ्यात गेला.

संगमनेरची पोरं पंचांभोवती गोळा झाली. "ओ, दगड कुनाच्या टीमचा?"

पलीकडच्या टोकाहून आमचा गोली ओरडला, "आमचाच! नाव वाच की!"

पंचांनी खरोखरच जाऊन नाव वाचलं. मग घाम पुसला आणि गोल दिला.

नगरसेवक खुर्चीवर उभे. "साहेबांचा गोल! सर, आता हिला कोन हात लावतो तेच बघतो!"

गावभर फटाके वाजत होते. सरांनी मला हळूच विचारलं, "लाथ कुणी मारली?"

"आपल्याच फॉरवर्डनं, सर."

"त्याला म्हणावं, उद्यापासून क्रिकेट खेळ."

शब्दाप्रमाणे सोमवारी माणसं आली, रंगाचा डबा घेऊन. अक्षरं सोनेरी झाली, शिलेला हार पडला.

सरांनी चार दिवस मैदानाकडे पाठ फिरवली. पाचव्या दिवशी मी गेलो, तर शिट्टी गळ्यात घालून हजर. पोरांना रांगेत उभं करून एकेकाला शिलेवर नेम धरायला लावत होते. कित्येक वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

"कडेला नको रे! आडनावावर मार, आडनावावर! आणि जोरात!"