तांदळाच्या कोठीमागचा टेप

"भाभी, अम्मा के चार कोरे कॅसेट रखे हैं. घेऊन जाता का?" उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला इलेक्ट्रिकचा दुकानदार मला म्हणाला, आणि माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली.

मी मुलींच्या युनिफॉर्मचं कापड घ्यायला गेले होते, जाता जाता इस्त्रीची वायर घ्यावी म्हणून त्याच्याकडे शिरले. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. घरातला टेप बिघडला तेव्हा एकदा मी त्यांना घेऊन इथे आले होते, म्हणून तो ओळखत होता. पण कोऱ्या कॅसेटी? पंख्याचं बटण लाटण्याने दाबणारी ही बाई. शॉक बसेल म्हणून हात लावायची नाही. मी विचारलं, "यांना कशाला लागतात?" तो म्हणाला, "वो आप जानो. हर महिने किसी के हाथ मंगवाती है." मी कॅसेटी आणल्या आणि एक अक्षर न बोलता सासूबाईंच्या ट्रंकेवर ठेवल्या. त्यांनीही एक अक्षर न बोलता त्या उचलून आत टाकल्या. एरवी आम्हा दोघींना पाच मिनिटं गप्प बसणं जमायचं नाही. म्हणजे पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं.

आमचं घर बदलापूर गावात. नवरा भातशेती सांभाळून अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीला जायचा. धाकटा दीर मस्कतला. त्याने पहिल्या सुट्टीत आणलेला तो मोठा टेप-रेडिओ मधल्या खोलीत फळीवर असायचा, वर भरतकामाचा रुमाल. दिराची पत्रं यायची ती मी वाचून दाखवायची, सासूबाई सांगतील ते उत्तर मी लिहायची. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यामुळे मायलेकांमधली एकही गोष्ट माझ्या तोंडातून गेल्याशिवाय पुढे सरकत नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्याच वर्षी दिराचं एक पत्र आलं होतं. स्टेशनच्या पूर्वेला त्याने ब्लॉक बुक केला होता. 'आई, ब्लॉक झाला की तू माझ्याकडे राहायचंस. आता खूप झालं,' असं त्यात होतं. मी वाचून दाखवलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्या म्हणाल्या, "बघू." बस, इतकंच. पण 'खूप झालं' म्हणजे काय खूप झालं? कोणामुळे झालं? मी ते पत्र नंतर चार वेळा एकटीने वाचलं.

सासू म्हातारपणी ब्लॉकमध्ये गेली तर गाव काय म्हणणार, हे मला पाठ होतं. मोठ्या सुनेच्या तोंडाला कंटाळून गेली. माझं तोंड होतंच तसं. मी कामाला वाघ, पण बोलायला लागले की घरातल्या मांजरापासून नवऱ्यापर्यंत सगळे अंग चोरायचे. तरी बारा वर्षं त्यांचं दुखणंखुपणं, पथ्यपाणी मीच केलं होतं, आणि ते सगळं माझ्या जिभेपायी फुकट जाणार ही भीती मला आतून खात होती.

ही भीती मी माहेरून आणली होती म्हटलं तरी चालेल. माझे वडील देशावरून पोटासाठी अंबरनाथला आले. आजी गावी थोरल्या काकांकडे. दर मे महिन्यात आम्ही गावी जायचो तेव्हा माझी आई आजीच्या पाया पडायची आणि त्यातच तिच्या टाचा बघून घ्यायची. मग मायेने डोक्यावरून हात फिरवायची आणि केसाला तेल आहे का ते बोटाला कळायचं. "म्हातारीच्या केसावरून सून ओळखावी," हे तिचं शास्त्र. काकूला ते ठाऊक असणार. एका वर्षी आजीच्या कपाळावरून तेलाचे ओघळ आले होते, इतकं ताजं ते तेल. आईने ते अंबरनाथला परत आल्यावर वर्षभर शेजारणींना सांगितलं. आम्ही शहरातली माणसं म्हणजे तपासणी अधिकारी, आणि काकू आरोपी. माझं लग्न बदलापूर गावात झालं आणि मी अलगद काकूच्या जागी येऊन बसले.

तर कॅसेटींचा उलगडा झाला तो एका सकाळी. मी सासूबाईंवर ओरडत होते. डॉक्टरने मीठ कमी सांगितलं असताना त्यांनी सुक्या बोंबलाची चटणी लपवून खाल्ली होती. "मरायचंय का तुम्हाला? आणि नाव माझं जाईल! लहान पोर आहात का?" असं बरंच चाललं होतं. त्या खाली मान घालून सुपात तांदूळ पाखडत होत्या. तेवढ्यात तांदळाच्या कोठीमागून 'खट्ट' असा आवाज आला. मला वाटलं उंदीर. केरसुणी घेऊन वाकले, तर जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली टेप! रेकॉर्डिंगच्या दोन्ही बटणांवर ओळखू यावं म्हणून लाल टिकल्या चिकटवलेल्या. कॅसेट संपून बटणं आपोआप वर आली होती.

मी वर बघितलं. सासूबाई सूप घेऊन अंगणात निघून गेल्या होत्या.

म्हणजे हा पुरावा गोळा होत होता. पत्र माझ्या तोंडातून जातं, म्हणून मला वळसा घालून कॅसेट. शहाडचा एक माणूस दिराच्याच कंपनीत होता. तो किंवा त्याच्या ओळखीचं कोणी ना कोणी मस्कतला जात असायचं, त्यांच्या हाती पोचत असणार. तिकडे दीर माझं एक एक वाक्य ऐकत असणार आणि म्हणत असणार, खूप झालं.

दुसरी कोणी असती तर तिथल्या तिथे विचारून मोकळी झाली असती. मी विचारलं नाही. मी टेप होता तसा झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून गोड बोलायला लागले.

काय ते गोड बोलणं! रोज सकाळी फळी बघायची. रुमाल आहे आणि टेप नाही, म्हणजे कोठीमागे चालू आहे. मग सुरू. "आई, चहात आलं घालू ना?" "आई, तुम्ही बसा हो, मी आहे ना." मुली माझ्याकडे टकामका बघायच्या. नवऱ्याने एकदा विचारलं, "तुझ्या अंगात काय आलंय?" मी सासूबाईंच्या केसाला रोज तेल लावायला लागले, आणि लावताना मोठ्याने म्हणायची, "किती कोरडे झालेत हो केस, थांबा, अजून थोडं लावते." सासूबाई संशयाने मान वळवून माझ्याकडे बघायच्या. त्यांना कळलं असणार मला कळलंय, असं मला वाटायचं. चोराच्या मनात चांदणं. फक्त चोर कोण, एवढंच ठरायचं होतं.

एक दिवस मी कळस केला. कोठीकडे तोंड करून, गळ्यात मध ओतून म्हटलं, "आई, भावजींच्या ब्लॉकमध्ये तुम्हाला आराम मिळेल हो. तिथे कामाचा त्रास नाही, नळाला पाणी. माझी काही हरकत नाही." माझा मोठेपणा रेकॉर्ड व्हावा, एवढाच हेतू. सुपाचा आवाज थांबला. सासूबाई म्हणाल्या, "मना घालवतेस का गो?"

बघा, किती चलाख! मशीनला ऐकवतायत, मी मनात म्हटलं. मी हसले आणि आणखी गोड म्हणाले, "अहो आई, काहीतरीच काय!" मग त्या पुन्हा पाखडायला लागल्या.

अशा दोन कॅसेटी गेल्या. महिन्याभराने, भर दुपारी, दारात टॅक्सी थांबली. दीर. पत्र नाही, तार नाही, हातात एकच बॅग. सासूबाई डोक्यावर शेणाची पाटी घेऊन मागच्या परड्यातून येत होत्या. तो धावत गेला, पाटी उतरवली आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ओट्यावर बसून चक्क रडला. मला गहिवरून आलं. सकाळीच तेल लावलं होतं, हे मात्र चटकन आठवलं आणि बरं वाटलं.

रात्रीच्या जेवणापर्यंत मी दम धरला. मग भात वाढता वाढता बांध फुटला. "भावजी, एक विचारू? माझ्यावर मशीन लावायची काय गरज होती? तोंडावर बोलायचं ना!" दीर सासूबाईंकडे बघायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "तूच सांग रं."

त्याने सांगितलं ते असं. सुट्टीत आला होता तेव्हा त्याने आईला रेकॉर्डिंगची बटणं दाखवून, बोलून कॅसेट पाठवायला सांगितलं होतं. सासूबाई दोन वाक्यं बोलल्या आणि लाजून थांबल्या, पण टेप बंद कसा करायचा ते त्यांना कळलं नाही. उरलेला अर्धा तास घर तसंच रेकॉर्ड झालं. भांडी, कोंबड्या, मुलींची भांडणं आणि सगळ्यांवर माझा आवाज. त्याला तीच कॅसेट आवडली. त्याने शहाडच्या माणसाबरोबर निरोप पाठवला, अशाच पाठव, बोलू नकोस, नुसतं लावून ठेव. "आणि वैनीला सांगू नको म्हटलं. सांगितलं तर तुम्ही पाहुण्यांसमोर बोलता तशा बोलाल. आमच्या खोलीत आठ माणसं, केरळचे, बिहारचे. सगळे तुम्हाला ओळखतात. सकाळी कोणी उठला नाय तर म्हणतात, भाभी का कॅसेट लगाव."

"मग आता असे धावत का आलात?"

"दोन कॅसेटी ऐकल्या. तुम्ही एकदापण खेकसला नाय. मी समजलो आईचं काय खरं नाय. आजारी माणसाच्या घरात असं बोलतात."

सगळे हसले. नवरा तर ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसले, पण मला रडायलाही येत होतं. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंवर सुक्या बोंबलावरून पुन्हा ओरडले, तेव्हा दीर आतून म्हणाला, "आता बरं वाटलं."

पण त्या धावपळीत त्याची सुट्टी संपली होती. त्याला दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळायची. ती साहेबाच्या हातापाया पडून आधीच घेतल्यामुळे पुढची दोन वर्षं त्याला हलता येणार नव्हतं. वर्षभराने सासूबाई परड्यात पडल्या आणि तिसऱ्या दिवशी गेल्या. आम्ही तार केली. त्याला सोडलं नाही. अग्नी थोरल्याने दिला, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा कोणीतरी म्हणालं, धाकट्यात जीव अडकलाय. मी मान वर केली नाही. माझ्या त्या गोडव्यामुळे त्याला आई शेवटची दिसली नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तो आला तेव्हा वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. ब्लॉक त्याने भाड्याने दिला होता. त्याने बॅगेतून एकच कॅसेट काढली आणि फळीवरचा टेप स्वयंपाकघरात आणला. "वैनी, सगळ्या कॅसेटी पुन्हा ऐकल्या. आईचा आवाज शोधत होतो. सगळीकडे तुम्हीच आहात. ती नुसती खोकते, नाहीतर हूं म्हणते. पहिलीतली ती दोन वाक्यं सोडली, तर फक्त ह्या एकीत बोलते." मी गोड बोलत होते ना, म्हणून मध्ये त्यांना बोलायला जागा मिळाली होती.

टेप सुरू झाला. सुपाचा आवाज. मग माझा तो मधाळ आवाज. ब्लॉकमध्ये आराम मिळेल हो. माझी काही हरकत नाही. सूप थांबलं. "मना घालवतेस का गो?"

त्या दिवशी समोर बसून ऐकलं तेव्हा मला त्यात चलाखी ऐकू आली होती. आता ऐकलं तर आवाज कापत होता. मशीन चालू आहे हे त्या विसरल्याच होत्या.

दिराने टेप बंद केला. खाली बघत म्हणाला, "वैनी, तेव्हा मी खोटं बोललो. आईच्या आजारपणाला घाबरून नव्हतो आलो. हे वाक्य ऐकून आलो. वाटलं, तुम्ही तिला काढताय. आल्या आल्या तिच्या डोक्याला हात लावून बघितला." मी म्हटलं, "तेल होतं." तो म्हणाला, "हो. होतं. पण त्या रात्री तुम्ही भांडलात, तेव्हा खरं माझा जीव खाली पडला."

माझ्या आईचं शास्त्र माझ्याच घरात लागू झालं, आणि ती तपासणी मला मायेचा हात वाटला होता! मी त्याला दोष देऊ शकले नाही. बारा वर्षं मी एकच हिशेब धरून बसले होते, की या मला सोडून जातील. मी त्यांना घालवीन अशी भीती त्यांनाही असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. पत्रातल्या ब्लॉकवर त्या 'बघू' म्हणाल्या होत्या, कारण मी काय म्हणते ते त्यांना बघायचं होतं.

"पुढचं लावू?" दिराने विचारलं. मी नको म्हटलं. पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी कोठीकडे तोंड करून मशीनला उत्तर दिलं होतं.