उघड्या दाराचं गाऱ्हाणं

लग्न आणि बायकांचं आयुष्य हा माझ्या संशोधनाचा विषय. मालवणजवळच्या आचऱ्यात मी घरोघरी एकच प्रश्न विचारत फिरायचे : सासरी नाहीच पटलं, तर लेकीला माहेरी परत येता येतं का? बायका हसून विषय बदलायच्या. "आमची लग्ना लिवन घेतंस, तुझा कधी गो बाय?" मी चिडायचे आणि मग त्यांचेच घावणे खाऊन गप्प बसायचे.

मी जिच्याकडे राहत होते, त्या विधवा बाईच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मुलीनेच पसंत केलेला, म्हणून तिचे काका धुसफुसत होते. घर दोघा भावांचं. थोरला गेला, आता घरात शब्द काकांचा. आमच्या मुलखात कार्याआधी घरचा पुरुष नारळ-विडा ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. म्हटलं, की ते मागणं सगळ्यांचं झालं. काकांनी ऐनवेळी हात झटकले.

"चेडवान न्हवरो आपणच बघल्यान, मगे गाऱ्हाणा पण तुमीच घाला, वैनी!"

आणि वहिनी खरंच पुढे झाली. विधवेनं मांडवात पुढे यायचं नसतं, हे कालपर्यंत तीच मला बजावत होती! तिने पदर खोचला.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाचो संसार सुखाचो कर रे म्हाराजा!"

 आधी फक्त आतून बायका ओरडल्या, "होय म्हाराजा!" पुढच्या मागण्याला पुरुषही. जन्माची सवय, तोंड आपोआप उघडतं.

"आणि तिचा मन थंय रमला नाय, तर ह्या घराचा दार तिका उघडा आसांदे. कित्याक इलंस, असा कोणी इचारूक नये रे म्हाराजा!"

लेक परत आली तर 'का आलीस' असं कुणी विचारायचं नाही : माझा प्रश्न तिने गावादेखत देवापुढेच ठेवला होता. कुणीच साथ देईना. सगळ्यांच्या नजरा काकांवर. ते मांडवाबाहेर चपला घालून उभे होते. दारात आलेल्या पुतणीकडे त्यांनी एकदा पाहिलं, चपला काढल्या, आत येऊन हात जोडले.

"होय म्हाराजा," ते म्हणाले, आणि मांडव गरजला.

नवरी तोवर एकदाही रडली नव्हती. आता ती रडली.