सव्विसावा कडुबा

समजा, तुमच्या हातात एका डॉक्टरांचा बारा पानांचा लेख दिला आणि सांगितलं, हा परदेशातल्या मोफत वैद्यकीय ग्रंथभांडारात जमा करा, म्हणजे जगात कुणालाही तो फुकट वाचता येईल. तुम्ही म्हणाल, त्यात काय, पाठवून देऊ. पण भांडाराच्या संगणकाला नुसतं छापील पान चालत नाही. त्याला प्रत्येक तुकड्यावर बिल्ला लागतो: हे शीर्षक, हे आडनाव, हे नाव, ही तारीख, हा तक्ता. या बिल्ल्याला टॅग म्हणतात. आकृत्या वेगळ्या द्यायच्या, मोठ्या आणि स्वच्छ. मग सगळ्याचा एक गठ्ठा बांधून तो तिकडे चढवायचा. टॅगचा एक तिरका कंस उघडा राहिला की गठ्ठा परत.

आता समजा, हे काम तुम्ही रोज करता आणि तुमच्या वडिलांना वाटतं की ते त्यांचंच काम आहे.

सुलेखा साळवेचं असंच होतं. शहराच्या छावणी भागात शिलाई मशीनच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एका वैद्यकीय त्रैमासिकाचं कार्यालय आहे, तिथं ती टॅग मारते. तिचे वडील कडुबा साळवे बिडकीनकडच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. तीस वर्षं त्यांनी गुरांच्या कानात पिवळे बिल्ले मारले. आता ते पडेगावात घरीच असतात आणि भेटेल त्याला सांगतात, "पोरगी माझ्याच लाइनीत हाय. फक्त तिची जनावरं हालत नायत."

यंदा त्रैमासिकानं भांडारात शिरायला अर्ज केला. भांडारानं आधी पंचवीस लेखांचा नमुना मागितला. तो पास झाला तर दार उघडणार, नापास झाला तर दोन वर्षं पुन्हा अर्ज नाही. संपादक राजेंद्र सरांनी सगळं सुलेखावर सोपवलं. एवढं काम तिला एकटीला पहिल्यांदाच मिळालं होतं.

तिनं आधी एक साचा बनवला. त्यातली लेखकाची चौकट रिकामी ठेवली की तपासणीचा प्रोग्राम लाल व्हायचा. तो हिरवा व्हावा म्हणून तिनं तात्पुरतं वडिलांचं नाव टाकलं, दवाखान्याचा पत्ता टाकला आणि गंमत म्हणून नावाआधी 'डॉ.' लावलं. मग त्याच साच्यावर पंचवीस लेख बसवले, दर वेळी खरे लेखक त्याच्या वर नव्या चौकटीत भरले आणि खालची, वडिलांची चौकट काढायला साफ विसरली. प्रोग्राम हिरवागार. नाव रिकामं नाही एवढंच त्याला बघायचं होतं.

पण भांडारात माणसंही बसतात, आणि ती डोळ्यांनी तपासतात. त्यांचं पत्र आलं. डॉ. कडुबा साळवे हे गृहस्थ त्वचारोग, दंतरोग, स्त्रीरोग आणि मानसोपचार अशा सगळ्या विषयांत लेखक आहेत, तेही जनावरांच्या दवाखान्यातून. छापील पानावर मात्र ते कुठेच नाहीत. आठ दिवसांत दुरुस्त गठ्ठा पाठवावा, नाहीतर नमुना नापास.

"सुलेखा मॅडम," सर म्हणाले. एरवी ते नुसतं सुलेखा म्हणत. मॅडम म्हटलं की काहीतरी करपलेलं असे. "हे डॉक्टर कडुबा कोण?"

"माझे वडील, सर."

"कोणत्या विभागाचे?"

"गुरांच्या."

"मग स्त्रीरोगात काय करतायत?"

"नुसते उभे आहेत, सर. चुकून."

सरांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "बसव त्यांना खाली. सगळीकडून."

सुलेखानं पंचवीसही फायली एकदम उघडल्या, शोधाच्या रकान्यात 'कडुबा' टाकलं आणि सगळे एका फटक्यात उडवायला बोट उचललं. तेवढ्यात कोपऱ्यातला आकडा दिसला. सव्वीस.

लेख पंचवीस आणि कडुबा सव्वीस. एक जास्तीचा कुठून आला?

तो निघाला डॉ. मेघा यांच्या लेखात. शेळ्यांपासून माणसांना होणाऱ्या तापाबद्दलचा लेख, आणि त्याच्या शेवटी आभाराची ओळ: रक्ताचे नमुने घेताना शेळ्या धरून ठेवल्याबद्दल बिडकीनचे श्री. कडुबा यांचे आभार. ही ओळ छापील पानावरही होती.

तिनं घरी फोन लावला. "आबा, तुम्ही कुण्या डॉक्टरीणबाईंसाठी शेळी धरली होती का?"

"एक? चाळीस धरल्या. बाई म्हणल्या, नाव छापते. घरी सांगितलं तर कुणी इश्वास ठेवला नाय."

मागून आईचा, चतुराबाईंचा आवाज आला. "गुडघा सुजवून आले अन् म्हणे इज्ञानासाठी सुजला. कोण ठेवील इश्वास?"

"आबा, आडनाव का नाही छापलं?"

"बाईंनी इचारलं व्हतं, आडनाव काय. मी 'सा' म्हणलो अन् शेळीनं लाथ घातली. पुढं आडनाव राहूनच गेलं."

"अन् आबा, माझ्या चुकीनं तुम्ही पंचवीस लेखांचे डॉक्टर झालात. ते आता काढतेय."

"कशाकशाचा डॉक्टर?" आबांनी विचारलं.

"मानसोपचारसुद्धा."

"घरात चाळणी कुठं असती ते ठाऊक नाय," चतुराबाई म्हणाल्या, "अन् दुसऱ्याची डोकी तपासणार."

"एखादा राहू दे की," आबा म्हणाले. "दातांचा. दात मला कळत्यात. म्हशीचं वय दातावरूनच सांगतो मी."

"नाही, आबा."

तिनं पंचवीस कडुबा एकेक करून हातानं काढले. सव्विसाव्याला आडनाव जोडावं असं फार वाटलं, पण जमा होणारी प्रत छापील पानाशी जुळावी लागते, म्हणून तेही केलं नाही. सातव्या दिवशी गठ्ठा गेला आणि पुढच्या महिन्यात पास झाल्याचं पत्र आलं. सर पुन्हा नुसतं सुलेखा म्हणू लागले.

लेख भांडारात दिसू लागले त्या दिवशी आबा कार्यालयात आले, इस्त्रीचा सदरा घालून. "शोध मला," म्हणाले. सुलेखानं लेखकांच्या रकान्यात त्यांचं नाव टाकलं. काहीच आलं नाही.

"हरवलो का?"

"हरवला नाहीत, आबा. आत आहात, शेवटच्या ओळीत. पण या रकान्यात फक्त लिहिणारे सापडतात."

आबा पडद्याजवळ वाकले. "म्हंजी कळपात हाय, पण कानात बिल्ला नाय."

त्या दुपारी सुलेखानं भांडाराची टॅगांची मार्गदर्शिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. लेखकाला टॅग आहे, संपादकाला आहे, भाषांतर करणाऱ्याला आहे, निधी देणाऱ्या संस्थेलाही आहे. मग तिनं भांडाराच्या मदत विभागाला एक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि आबा रोज जेवताना विचारतात, म्हणून तिलाही ते हवंच आहे. पत्रात एवढंच विचारलं होतं: ज्यानं चाळीस शेळ्या धरल्या, एक लाथ खाल्ली आणि ओळ मात्र एकही लिहिली नाही, त्याच्या नावाला कोणता टॅग मारायचा?