निवृत्त हॅमरहेड

जगातला एकही प्रश्न असा नाही की जो हातोड्याने सुटत नाही, असं मानणारा शेवटचा माणूस डोंबिवलीत राहतो, आणि माझ्या दुर्दैवाने ते माझे मामेसासरे आहेत. नारळ, अडकलेली खिडकी, रुसलेला मिक्सर, सगळ्यांना मामांचं औषध एकच. आमच्याकडे गणपतीच्या मखरासाठी त्यांनी एक खिळा ठोकला, तर वरच्या मजल्यावरच्यांचं कॅलेंडर महिनाभर पुढे सरकलं. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नावाखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'निवृत्त हॅमरहेड'. कोलशेतच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तिथे परदेशी साहेबाचं नवंकोरं मशीन अडलं, मामांनी त्याला एक ठेवून दिली, मशीन सुरू झालं आणि साहेब लालबुंद होऊन ओरडला, "यू हॅमरहेड!" मामांनी हिशेब केला: मास्तरांचा मुख्य तो हेडमास्तर, क्लार्कांचा मुख्य तो हेडक्लार्क. इंग्रजीत मागचं पुढे झालं म्हणून हुद्दा थोडाच बदलतो? पुढच्या रविवारी पाटी लागली; 'निवृत्त' तेवढं नोकरी संपल्यावर रंगवलं. एकदा टीव्हीवर त्याच नावाचा, आडव्या हातोड्याच्या डोक्याचा मासा दिसला, तेव्हा "आमच्याच खात्यातला" म्हणाले. पुढे तोच मासा बाजारात दिसला, तर कोळणीने सांगितलं की ही तर कानमुशी, न्या, कालवण फक्कड होतं. पण हुद्देदाराला कढईत टाकणं मामांना प्रशस्त वाटेना. ते मुकाट बोंबील घेऊन परतले.

परवा मात्र या पाटीवर संकट आलं. मामांच्या नातीचं लग्न जमत होतं, मुलाचे वडील कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, आणि रविवारी ते घरी यायचे होते. नातीने शब्दकोश उघडला. त्यात हातोड्याचं डोकं होतं, मासा होता, आणि तिसरा अर्थ होता मठ्ठ. पोरगी रडकुंडीला आली. मामांना सांगणार कोण? जावयावर कोणी हात उचलत नाही, म्हणून मला पुढे केलं. मी स्क्रूड्रायव्हर खिशात घालून गेलो आणि एकेका शब्दाला इंग्रजीत कसे अनेक अर्थ असतात यावर चाचरत व्याख्यान सुरू केलं.

"मठ्ठ. हेच ना?" मामा म्हणाले. "जावईबापू, आठव्या दिवशीच टाइमकीपरने सांगितलेलं मला. पण तोवर तुमच्या मामीने अख्ख्या चाळीत पेढे वाटलेले. मोहने गावी तिच्या माहेरी पत्र गेलेलं, हे हेड झाले म्हणून. आता काय सांगणार तिला?" मामींना जाऊन चार वर्षं झाली. मामांनी माझ्या खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बोट केलं. "काढा तुम्ही. पोरीपुढे पाटी काय मोठी."

नात दाराआड उभी होती. "राहू दे, काका," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

रविवारी प्राध्यापकांनी चपला काढता काढता पाटी वाचली, पुन्हा वाचली. माझा जीव टांगणीला. मग ते अगदी अदबीने म्हणाले, "जबाबदारीचं काम असणार."

"जबाबदारी कसली," मामा म्हणाले. "पण आमच्या हिला फार आवडायचं."