मुकादमांचे बोट

मुकादम डोळे मिटून पाहत. इंजिनाचा एखादा भाग उघडून, डिझेलने धुऊन, फडक्याने कोरडा केला की ते उजव्या हाताची तर्जनी पँटवर दोनदा पुसत, डोळे मिटत आणि ते बोट धातूवरून इतके सावकाश फिरवत की शेजारी उभा असलेला माणूस आपोआप बोलायचा थांबे. मग निकाल लागे. "बेस," किंवा "अजून हाय." तिसरा निकाल मी कधी ऐकला नाही.

"डोला खोटा बोलतो, बोट नाय," असे ते म्हणत. मला हे विधान प्रथम निव्वळ बढाईचे वाटले होते. पुढे एम.एस्सी.ला पृष्ठभागांच्या खडबडीतपणावर प्रयोग करताना कळले, की केसाच्या जाडीच्याही कितीतरी खालचा उंचवटा बोटाच्या टोकाला जाणवू शकतो. मी उत्साहाने ते त्यांना सांगायला गेले.

"ह्या शिकायला किती वरसं गेली गो?"

"पाच."

"मना बापानं पयल्या दिवशी सांगला."

त्यांचे वडील खाडीकाठच्या मिठागरावर मुकादम होते. मिठागर गेले, पदवी मुलाकडे आली. कोपर स्टेशनच्या पश्चिमेला त्यांच्या घराण्याच्या जमिनीवर सात मजली इमारत उभी राहिली, तिचा सातवा मजला मुकादमांच्या वाट्याला आला. पण रोज सकाळी आठला ते लिफ्टने खाली उतरत आणि इमारतीमागच्या पत्र्याच्या गॅरेजात एखाद्या गाडीखाली जाऊन आडवे होत. कोणी छेडले, "मुकादम, एवढी बिल्डिंग असताना गाडीखाली झोपता?" तर आतूनच उत्तर येई, "वरती कोन आवाज करीत नाय. झोप येत नाय."

आमचा त्यांच्याशी संबंध माझ्या बाबांमुळे. बाबांच्या उजव्या पायात लहानपणापासून बळ नाही. ते ठाण्याच्या न्यायालयात लघुलेखक होते आणि अठरा वर्षे स्वतः गाडी चालवत कामावर गेले, ते मुकादमांनी बसवलेल्या दांड्यांच्या जोरावर. एक दांडा दाबला की ब्रेक, ओढला की वेग. सगळे हाताने. त्या गाडीत बसल्यावर बाबा कोणाचे काही देणे लागत नसत. निवृत्तीनंतरही दर मंगळवारी ते ठाण्याला जाऊन नव्या लघुलेखकांना शिकवत. दुसरी गाडी घेऊन तिच्यात असे दांडे बसवण्याची, त्यांची नव्याने नोंदणी करून घेण्याची आणि हातांना पुन्हा वळण लावण्याची उमेद आता त्यांच्यापाशी उरली नव्हती. "ही गेली की मी घरी," असे ते शांतपणे म्हणत. त्यांचा तो शांतपणा मला सहन होत नसे.

म्हणून एके दिवशी गाडीतल्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडल्यावर आत कॉफीसारखा फेस दिसला, तेव्हा मी ती गोष्ट गंभीरपणे घेतली. तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या एका वंगणतेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होते. नमुना बाटलीत भरला, तपासला, दोन पानी अहवाल केला आणि बाटलीसकट मुकादमांपुढे ठेवला. त्यांनी अहवाल बाजूला सारला, बाटलीचे बूच काढून वास घेतला.

"पान्यात त्याल. कुलर फुटला."

"मलाही तेच म्हणायचं आहे, काका."

"मंग बाटली कशाला आनलीस, सायंटिस? त्वांडानं सांगायचास."

तेल थंड करणारा हा कुलर म्हणजे पातळ पत्र्यांची एक गोल डबी. इंजिनाच्या अंगावर एक सपाट अॅल्युमिनियमची बैठक असते. तिच्यावर ही डबी आणि डबीवर तेलाचा फिल्टर, असे तिघे एकावर एक बसतात. डबीतून एका वाटेने तेल जाते, दुसरीने पाणी. मधला पत्रा सडला की दोघांची गाठ पडते. परंतु हेडचे गास्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याचा सांधा घट्ट ठेवणारा पातळ थर, गेले तरी पाण्यात असाच फेस येऊ शकतो, आणि ते काम फार मोठे. मी पुरावा मागितला. मुकादमांनी कुरकुर न करता कुलर काढला, त्याची एक वाट बुचांनी बंद केली, डबी बादलीत बुडवली आणि बुचातून सायकलच्या पंपाने त्या वाटेत हवा भरली. दुसऱ्या वाटेतून बुडबुड्यांची माळ वर आली. "झाला समाधान?" त्यांनी विचारले. झाले होते. पुरावा मागणाऱ्याचा त्यांना राग येत नसे. पुरावा पाहिल्यावरही कुरकुरणाऱ्याचा येई.

नवा कुलर त्या गाडीसाठी मिळणे बंद झाले होते. भंगारातला बसवायला मुकादम तयार नव्हते: "दुसऱ्याचा रोग आपल्या घरात?" त्यांचे म्हणणे, कुलर काढूनच टाकू आणि फिल्टर थेट बैठकीवर बसवू. मी दोन संध्याकाळी आकडेमोड केली. बाबा कधी साठच्या वर जात नाहीत, घाट चढत नाहीत. शिळफाट्याच्या कोंडीत तेल थोडे अधिक तापेल, पण योग्य प्रतीचे तेल ते सोसू शकेल. माझे उत्तर त्यांच्याशी जुळले. बाबा म्हणाले, "तुम्हा दोघांचं एकमत झालं, तेव्हा आता मला काळजी वाटायला लागली."

काम मी करायचे, असे ठरले. जो मालक शिकायला तयार आहे त्याच्या गाडीला मुकादम स्वतः पाना लावत नसत. फिल्टर बैठकीशी धरून ठेवणारी, कुलरच्या जाडीमुळे लांब असलेली पोकळ दांडी आता निरुपयोगी होती; तिच्या जागी आखूड दांडी मी वागळे इस्टेटमधल्या एका लेथवर करून आणली. पाण्याच्या दोन नळ्या तांब्याच्या तुकड्याने एकमेकींना जोडल्या. टाकी कपड्यांच्या पावडरीने तीनदा धुतली. बैठकीवर थोडे सीलंट लावू का, असे विचारताच मुकादम उसळले. "मलम लावून इंजन बरा होते काय? त्याचा तुकडा सुटला नि तेलाच्या वाटंत अडकला, मंग रडशील. साफ कर. साफ जागंला मलम लागत नाय."

मी साफ केले. त्यांनी बोट पुसले, डोळे मिटले, बैठकीवरून फिरवले. या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "बेस," ते म्हणाले.

मोबाइलच्या उजेडात मला बैठकीच्या कडेला एक बारीक काळी रेघ दिसली होती. तो डाग असावा, असे मी ठरवले. खरे म्हणजे मी काहीच ठरवले नाही. त्या बोटाने पास केलेल्या जागेवर शंका घेणे मला सुचले नाही. पाच वर्षे पुरावा मागायला शिकलेल्या मुलीने त्या दिवशी तो मागितला नाही.

फिल्टर बसवला. बाबा चालकाच्या जागी बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिनाने आवाज धरला. मुकादम मान तिरकी करून ऐकत होते. अर्धे मिनिट गेले असेल, आणि फिल्टरच्या मुळातून तेलाची चिळकांडी उडून समोरच्या पत्र्यावर आदळली.

"बाबा, बंद!"

बाबांनी तत्क्षणी बंद केले. तेलाचा लाल दिवा नुकताच लुकलुकला होता. खाली तेलाचे थारोळे पसरले.

"फिल्टर कोनी पिळला?" मुकादमांचा आवाज चढला होता.

"मी."

"सैल ठेवलास. पोथ्या वाचून हाताला जोर येत नाय!"

मी मान खाली घातली. मलाही तेच वाटले होते. त्यांनी स्वतः फिल्टर सोडवला, उलटा केला. त्याचे रबरी कडे जागच्या जागी होते. मग त्यांनी बैठकीकडे पाहिले, स्क्रूड्रायव्हरचे टोक त्या काळ्या रेघेखाली घातले आणि उचकटले. कुलरचे जुने कडे निघाले. इतक्या वर्षांच्या उष्णतेने चपटे, टणक, धातूला चिकटून बसलेले. नवे कडे त्या जुन्यावर बसले होते. दाब येताच सरकले.

मुकादमांनी ते कडे पुन्हा बैठकीवर ठेवले, डोळे मिटले आणि त्यावरून बोट फिरवले. एकदा. मग उलट दिशेने. मग डाव्या हाताचे बोट.

"मना लागत नाय गो," ते म्हणाले.

"काका, कधीपासून?"

"साखर हाय ना. पयल्यांदा पाय गेले. मंग बोटं. सहा महिनं झालं असतील." ते उलट्या डब्यावर बसले. "बांध फुटला की बाप जुना चिखल पुरा उकरून काढायचा. जुन्यावर नवा धरत नाय. ह्या मी लोकांना शिकवला. नि माज्याच बोटाखाली जुना राहिला." मग मान वर न करता, "तुला उगीच बोललो."

त्या वेळी त्यांना समजावण्याचे काम बाबांनी करावे, असे मला वाटले. बाबांनी गाडीतून एवढेच म्हटले, "मुकादम, माझ्या पायात सत्तर वर्षं बळ नाही. दांडा कोणी बसवला?"

मी इमारतीखालच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणली. कापूस पृष्ठभागावरून ओढला की जिथे कोर किंवा कण असेल तिथे त्याचे तंतू अडकतात. युक्ती जुनीच आहे. मुकादमांनी नाक मुरडले, तरी कापूस हातात घेतला. दोन ठिकाणी तंतू अडकले. मी खरवडले. पुन्हा ओढला, पुन्हा खरवडले. चौथ्यांदा कापूस स्वच्छ निघाला. मग त्यांनी माझे मनगट धरले आणि माझे बोट बैठकीवर टेकवले. "डोले मिट. आता तू सांग."

मी पूर्ण फेरी मारली. "बेस."

कड्याला तेलाचा हात लावून फिल्टर बसवला. इंजिन अर्धा तास चालले. बैठकीखाली ठेवलेला पांढरा कागद पांढराच राहिला. त्या मंगळवारी बाबा ठाण्याला गेले, आणि अजूनही जातात.

मला वाटले, गोष्ट इथे संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमांचा फोन आला. "लिवून घे," ते म्हणाले, आणि गेल्या सहा महिन्यांत त्यांच्या बोटाने पास झालेल्या गाड्या त्यांनी एकेक करून सांगितल्या. मालकाचे नाव, गाडीचा रंग, काय उघडले होते. नऊ गाड्या. सगळ्यांना त्यांनी स्वतः बोलावले आणि प्रत्येकाला तोंडावर सांगितले, "माजा बोट गेलाय. तुमचा काम परत बघायचा हाय." एकजण हसून म्हणाला, "गाडी तर मस्त चालतेय, मुकादम!" त्यावर ते म्हणाले, "कोर्टवाल्या साहेबांची पन चालत व्हती. अर्धा मिनिट."

पाच रविवार लागले. पाना आणि बोट माझे. ऐकणे, ओरडणे आणि कापूस त्यांचा. आठ गाड्या ठीक होत्या. नवव्या गाडीच्या एका गास्केटखाली जुन्याचा तुकडा सापडला. तो बदलून झाल्यावर मुकादमांनी हत्यारे पुसली, नळाखाली बराच वेळ हात धुतले आणि लिफ्टने सातव्या मजल्यावर गेले. गॅरेज पुन्हा उघडले नाही. आता तिथे इमारतीच्या दुचाक्या लागतात.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेतल्या माझ्या विभागात एका उपकरणाचे माप सरकल्याचे माझ्या लक्षात आले. ते केव्हापासून, हे सांगता येत नव्हते. त्यावरून निघालेल्या अहवालांवर सही माझी होती. माझे साहेब म्हणाले, "ग्राहकांनी तक्रार केलेली नाही. पुढच्यापासून नीट करू." नुकतीच मला बढती मिळाली होती, ती टिकवण्याचा सोपा मार्ग त्या वाक्यात होता. मी सगळे नमुने परत मागवले आणि पुन्हा तपासले. त्याला अकरा दिवस लागले. साहेब अजून माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

शेवटचा नमुना झाल्यावर मी मुकादमांना फोन करून सगळे सांगितले.

"किती निंगाले?" त्यांनी विचारले.

"तीन चुकीचे होते, काका. तिघांना कळवलं."

"नि बाकीचं?"

"बाकीचे बरोबर होते."

"मंग त्यांना बी कलव, बरोबर हाय म्हनून. परत कशाला मागवला, ह्या विचारात ते बसलं असतील."

मी ग्राहकांची यादी पुन्हा उघडली आणि पहिला क्रमांक लावला.