गप्प बसायची सोय नाही

आमच्या मधुमेहाच्या दवाखान्यातल्या ‘मनमोकळ्या कक्षा’चं उद्घाटन रेशमी फीत कापून झालं; दार बसवायचं मात्र राहिलं, नुसता पडदा आहे. पडद्याबाहेर बाकावर बसलं की आतलं सगळं ऐकू येतं, फटीतून दिसतंही. त्या दिवशी आत पंधरा-सोळा वर्षांची, इन्सुलिनवरची एक मुलगी होती. बोटांची टोकं अंगठ्याने चोळत बसलेली.

“कधी उदास वाटतं का गं?” समुपदेशक बाईंनी विचारलं.

“छे हो, काय कमी आहे तिला?” उत्तर शेजारी बसलेल्या आईने दिलं.

बाईंनी आईला चहा प्यायला पाठवलं. मुलगी थकल्या आवाजात म्हणाली, “मॅडम, इंजेक्शनचं काही नाही. हसायचा कंटाळा आलाय. जरा गप्प बसले, की शुगर उतरली म्हणून आई बोट टोचते.”

आई परतली. तिने लेकीचा चेहरा पाहिला आणि पर्समधून शुगर तपासायचं यंत्र काढलं.

मुलगी हसली.